बाईंची परीक्षा

तालुक्याच्या गावी शाळेवर नवीन बाई रुजू झाल्या की चार दिवसांत सगळ्या गावाला त्यांची कुंडली पाठ होते. बाई कुठल्या, मिस्टर काय करतात, मुलं किती, खोली कुणाच्या वाड्यात घेतली, एस.टी.त कुणाशी बोलत होत्या... सगळं! वर्गात त्या शिकवतात कशा, ही चौकशी सगळ्यात शेवटी. पुढे कधी त्यांना जिल्ह्याचा आदर्श शिक्षिका पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला, की कौतुक होतं, नारळ-शाल होते. पण त्याच दिवसापासून त्यांच्यावरची नजरही दुप्पट होते. मास्तरांची परीक्षा नोकरी लागेपर्यंत, बाईंची मात्र रोज!

मैत्रिणींनो, ही रीत आजची नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एका बाईने हे सगळं इतकं सोसलं, की त्यापुढे आपल्या गावातली कुजबुज काहीच नव्हे. तिला पदव्या मिळाल्या, मानपत्रं मिळाली, सरकारी पदक मिळालं. आणि तितक्याच वेळा तिच्या शिकवण्याची जाहीर झडती घेतली गेली. कधी शास्त्री-पंडितांनी, कधी पाद्री-बिशपांनी, कधी वर्तमानपत्रांनी. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

इथे एक खुलासा आधीच करते. 'उंच माझा झोका' ही मालिका २०१२ साली टीव्हीवर लागायची, ती घराघरांत पाहिली गेली. त्या रमाबाई वेगळ्या. त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, रमाबाई रानडे. दोघी एकाच काळातल्या, पुण्यात एकमेकींच्या सहवासात आलेल्या. पण दोघींच्या वाटा अगदी निराळ्या.

आईने पहाटे शिकवलं

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. तरुणपणी ते पुण्यात शिकायला होते. त्यांचे गुरुजी पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणते, हे ऐकून अनंतशास्त्री चकित झाले आणि आपणही आपल्या बायकोला शिकवायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर पैठणला गोदावरीच्या घाटावर एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली. तीच रमाबाईंची आई, लक्ष्मीबाई. शास्त्रीबुवा तेव्हा चाळिशी ओलांडलेले!

या लहान बायकोला त्यांनी शिकवायला घेतलं आणि गावात गदारोळ झाला. प्रकरण उडुपीच्या धर्मसभेपर्यंत गेलं. बायकांनी संस्कृत शिकायला शास्त्राची हरकत नाही, हे शास्त्रीबुवांनी ग्रंथांचे दाखले देऊन तिथे मांडलं आणि सभेला ते मान्य करावं लागलं. पण जिंकूनही शेजारधर्म तुटला तो तुटलाच. शेवटी ते सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ या ठिकाणी, घर बांधून राहिले. तिथेच रमाबाई जन्मल्या. शिकवण्यावरून होणारी झडती या घरात रमाबाईंच्याही आधी पोचली होती!

रमाबाईंना शिकवलं ते मुख्यतः आईने. दिवसभर घरकाम, गाई-गुरं, पाहुणे, विद्यार्थी. मग वेळ कुठला? पहाटे, पक्षी जागे व्हायच्या आत, झोपेने पेंगणाऱ्या लेकीला मांडीवर घेऊन आई श्लोक म्हणून घ्यायची. हातात पुस्तक नाही, पाटी नाही, सगळं तोंडी. पंधरा-सोळा वर्षांच्या होईतो रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. मोठ्या बहिणीचं बालपणी केलेलं लग्न फसलं होतं, म्हणून आईवडिलांनी रमेचं लग्न लहानपणी केलंच नाही. त्या काळात हे केवढं धाडस होतं, ते आपल्या आजीला विचारा.

पुढे कर्ज झालं, घर सुटलं. सगळं कुटुंब तीर्थं करत, देवळांत पुराण सांगत हिंडू लागलं. १८७४ साली मद्रास इलाख्यात दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग बहीणही गेली. उरली सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं भावंडं हिंदुस्थानभर पायी हिंडली. कधी भिजवलेले हरभरे खाऊन, कधी नुसतं पाणी पिऊन.

पहिली परीक्षा, पहिली पदवी

१८७८ साली ही भावंडं कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची, बिनलग्नाची मराठी मुलगी तोंडी संस्कृत बोलते, श्लोक रचते, ही बातमी शहरभर झाली. तिथल्या पंडितांनी आणि संस्कृतच्या युरोपियन प्राध्यापकांनी तिची परीक्षा घेतली. जाणत्यांच्या भरसभेत प्रश्नावर प्रश्न! रमाबाई उतरल्या. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना तिथे मिळाल्या.

आता यातली मेख बघा. पदवी देणाऱ्यांना वाटलं, आपल्या जुन्या विद्येचा हा केवढा गौरव! ही मुलगी आता बायकांना पतिव्रतांच्या कथा सांगेल, धर्म टिकवील. पण पदवी मिळाल्यावर रमाबाई अधिकच खोलात वाचू लागल्या. केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला दिले. धर्मशास्त्रं त्यांनी स्वतः उघडली. बाकी किती तरी बाबतींत या ग्रंथांत मतभेद आहेत, पण बाईला कमी लेखण्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे, असं त्यांना दिसून आलं. म्हणजे ज्या विद्येसाठी त्यांना डोक्यावर घेतलं, त्याच विद्येने त्यांना प्रश्न विचारायला शिकवलं. पुढच्या सगळ्या वादांचं मूळ इथे आहे.

१८८० च्या मे महिन्यात भाऊ गेला. जूनमध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडच्यांनी वाळीत टाकल्यासारखंच. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर नऊ-दहा महिन्यांचं मूल, माहेर नाही, सासर नाही. आहे ती फक्त विद्या.

पुण्यात बाई आल्या

१८८२ सालीच रमाबाई पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर ही सुधारक मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. आर्य महिला समाज स्थापन झाला. रमाबाईंची व्याख्यानं ऐकायला घराघरांतून बायका निघू लागल्या. रमाबाई रानडेही जात. घरातल्या जुन्या बायकांकडून त्यापायी त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. विधवा असून ही बाई डोकं न झाकता पुरुषांपुढे बोलते, परजातीत लग्न केलेली ही, तिच्या पंगतीला कसं बसायचं... चर्चा सगळी ही. ती सांगते काय, हे ऐकायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

त्याच वर्षी हंटरसाहेबांचं शिक्षण कमिशन पुण्याला आलं. साक्ष द्यायला रमाबाईंना बोलावलं. मुलींच्या शाळांत बायका शिक्षक म्हणून हव्यात, त्यांना शिकवण्याचं रीतसर ट्रेनिंग हवं, त्यांची आपल्या भाषेची बैठक पक्की हवी, त्यांच्या राहण्याची सोय शाळेच्या आवारातच हवी आणि त्यांचा पगार पुरुष शिक्षकांपेक्षा जास्त हवा, असं त्यांनी कमिशनला सांगितलं. पगार जास्त! १८८२ साली!

आणखी एक मुद्दा त्यांनी मांडला, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मुलींच्या शाळा तपासायला पुरुष इन्स्पेक्टर येतो, त्याच्यापुढे मुलींची बोबडी वळते, बाईंनाही धड बोलता येत नाही आणि साहेब खराब शेरा लिहून जातो. मुळात शिकलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांना बायकांचं शिकणंच नको असतं. त्यामुळे मोहरीएवढी चूक दिसली तरी तिचा डोंगर होतो. म्हणून तपासणीला बायकाच हव्यात, असं त्यांचं म्हणणं. तपासणी नको, असं त्या म्हणाल्या नाहीत, हे ध्यानात घ्या. तपासणारा आधीच निकाल ठरवून येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. बायकांना तपासायला डॉक्टरही बाई हवी, ही मागणीही त्यांनी याच साक्षीत केली. हंटरसाहेबांवर या साक्षीची इतकी छाप पडली, की त्यांनी ती इंग्रजीत करवून घेतली.

साहेबाच्या देशातली झडती

डॉक्टर व्हायचं म्हणून रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिकिटाच्या पैशाला 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या मराठी पुस्तकाच्या विक्रीचा हातभार लागला. वाँटेज गावात जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथे सप्टेंबर १८८३ मध्ये मनोरमेसह त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही बातमी इकडे आली आणि पुण्यात वीज पडल्यासारखं झालं. काल जिला सरस्वती म्हटलं, तिचं नावही नको झालं.

मग तिकडे तरी सुख लागलं का? छे! कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे डॉक्टरीचा बेत सोडावा लागला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. तिथल्या प्रिन्सिपॉल मिस बील यांना वाटलं, या बाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं. पण वाँटेजच्या सिस्टरने हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला मागवला आणि उत्तर आलं, नको. बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, हिंदुस्थानात त्याचा वाईट परिणाम होईल, वगैरे. रमाबाई चकितच झाल्या. ज्या देशाला मागासलेला म्हणता, तिथे मी पुरुषांच्या भरसभांत बोलले, पंडितांशी वाद केला, कुणी अडवलं नाही. आणि इथे अडवता? अशा आशयाचं त्यांनी ठणकावून कळवलं. धर्म बदलला म्हणून बुद्धी गहाण टाकली नाही, हे त्यांनी तिकडेही पुनःपुन्हा सांगितलं.

इकडचे म्हणत, आमच्या हातून निसटली. तिकडचे म्हणत, अजून पुरती आमची झाली नाही!

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. नात्यातल्या या बहिणीच्या पदवीदान समारंभाला ११ मार्चला रमाबाई हजर होत्या. मग त्या अमेरिकेतच राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली. किंडरगार्टन, म्हणजे लहान मुलांना खेळातून, वस्तू हाताळायला देऊन शिकवण्याची फ्रोबेलची पद्धत, तिचा अभ्यास केला. उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यांचं बोलणं ऐकून १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरात रमाबाई असोसिएशन निघालं. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचा आणि शाळेत कुठल्याही धर्माचा प्रचार करायचा नाही, हा करार.

शारदा सदन

११ मार्च १८८९. मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. विधवांसाठी शाळा आणि राहण्याची सोय एकाच ठिकाणी. हे किती गरजेचं होतं, ते लक्षात घ्या. तेव्हाची बालविधवा म्हणजे केस काढलेली, लाल आलवण नेसलेली, घरच्या कोपऱ्यात दिवसभर कामाला जुंपलेली मुलगी. तिला नुसती शाळा देऊन काय उपयोग? संध्याकाळी ती परत त्याच कोपऱ्यात जाणार. म्हणून आधी घर, मग पुस्तक. सदनात ब्राह्मणी सोवळं-ओवळं पाळायची मुभा होती, स्वयंपाकाची तशी व्यवस्था होती. बाई स्वतः ख्रिस्ती, पण मुलींनी आपापलं पाळावं.

इथे शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी वैधव्य आलेली, सासरी राबलेली कोकणातली मुलगी. भाऊ तिला मुंबईला घेऊन आला आणि वयाच्या चोविशीत ती सदनात शिकू लागली. या गोदूबाईंची गोष्ट पुढे येतेच.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हललं. रानडे, भांडारकर हे सल्लागार मंडळावर होतेच. मुली वाढू लागल्या. शिकून शिक्षिका होता येईल, चार पैसे मिळवता येतील, हे आईबापांना दिसू लागलं. म्हणजे जम बसला. आणि जम बसला तशी नजरही लागली!

पुण्याची चावडी

'केसरी'ने सदनावर तोफ डागली. सदन म्हणजे मुलींना बाटवण्याचा कारखाना आहे, धर्माचा प्रचार नाही हे नुसतं नाटक आहे, हा आरोप. आठवड्यामागून आठवडे रकाने भरून येऊ लागले. त्या सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून पुणं आधीच तापलेलं होतं, त्यात हे तेल.

आरोपात तथ्य होतं का? इथे आपण प्रामाणिक राहायला हवं. रमाबाई रोज सकाळी मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. त्या कुणाला बोलवत नसत, पण येईल तिला हाकलतही नसत. मुलींचा जीव त्यांच्यावर. आईने टाकलेली पोर, जिने पोटाशी धरलं तिच्या मागे जाऊन बसणारच! काही मुली प्रार्थनेला बसू लागल्या, काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकला. १८९१ च्या सुमारास रमाबाईंची स्वतःची श्रद्धाही फार उत्कट झाली होती. आई-बापांनी शब्दावर विसंबून मुलगी पाठवलेली. त्यांनी विचारलं, की हे काय चाललंय, तर विचारणं गैर नव्हतं. पैसा घेताना दिलेला शब्द दार उघडं ठेवून पाळला जातो का, हा प्रश्न खराच होता. रमाबाईंचं उत्तर एवढंच, की मी कुणाला ओढत नाही, पण माझ्याच घरात मी देवाचं नाव दार लावून चोरून घेणार नाही.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकरांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. हे त्यांचे शत्रू नव्हते. अकरा वर्षं पाठराखण केलेली माणसं! त्यांनी हात काढून घेतल्यावर कोण थांबणार? वीस-पंचवीस मुलींना पालक येऊन घेऊन गेले. बोस्टनचं असोसिएशन मात्र रमाबाईंच्या पाठीशी राहिलं आणि सदन बंद पडलं नाही.

आता क्षणभर त्या नेलेल्या मुलींचा विचार करा. वादात एका बाजूला केसरीकार, दुसऱ्या बाजूला पंडिता, मध्ये न्यायमूर्ती आणि डॉक्टर. सगळे बोलत होते, लिहीत होते. ज्यांच्यासाठी शाळा होती त्यांचा आवाज सगळ्यांत बारीक. वर्गातून उठवून टांग्यात बसवलेल्या मुलीच्या पाटीवर अर्धं राहिलेलं गणित असेल, त्याचं काय? तिचा धर्म वाचला म्हणून गावाने सुस्कारा टाकला. तिच्या हातून अक्षर गेलं, त्याचा हिशेब कुणी मागितला नाही. शाळेची झडती जरूर घ्यावी, पण मुलगी घरी नेताना तिला शिकायला दुसरी शाळा कुठे आहे, हेही विचारायला हवं होतं. पुण्यात तेव्हा तशी दुसरी जागा नव्हती.

ती जागा पुढे झाली, आणि कशी झाली ते ऐका. त्याच १८९३ सालच्या मार्चमध्ये गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला होता, गणिताचे प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशी. त्या झाल्या आनंदीबाई कर्वे, आपल्या बाया कर्वे. विधवेने शिकलं तर ती कशी उभी राहते, हे अण्णांनी आपल्या घरातच पाहिलं. आणि लोकांचा राग नेमका कशावर आहे, हेही पाहिलं. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाईंसारखंच घर आणि शाळा एकत्र, पण चालवणारे हिंदू, पैसा इथल्याच लोकांचा, दारोदार मागून आणलेला. तोच पुढे हिंगण्याचा आश्रम झाला. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, या आश्रमासाठी देशभर, अमेरिकेपर्यंत फिरल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ निघालं. म्हणजे रमाबाईंच्या शाळेवरचा राग खरा आणि त्या शाळेने दाखवलेली वाटही खरी. लोकांनी बाईंना नाकारलं, पण बाईंची रीत उचलली!

केडगावची माळरानं

रमाबाई यानंतर काय करत होत्या? त्या रुसून बसल्या नाहीत. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. त्यांना १८७४ आठवलं असणार. त्या स्वतः निघाल्या आणि उपाशी, टाकलेल्या, विकायला काढलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. इतक्या वेळी पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसं आणायला सरकारने बंदी केली. मग पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर केडगावला त्यांनी घेतलेली जमीन होती, तिथे माळावर तात्पुरते आसरे उभारून सगळ्यांना नेलं. १८९८ साली तिथे मुक्ती सदन उभं राहिलं.

त्याच प्लेगच्या धामधुमीत सरकारी इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांचे कसे हाल होतात, त्यांच्या अब्रूची कशी काळजी घेतली जात नाही, यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. ते विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गाजलं. गव्हर्नरने त्यांचं म्हणणं फेटाळलं. सरकारची मर्जी गेली तर जावो! हिंदूंना त्या मिशनऱ्यांच्या वाटत, मिशनऱ्यांना हेकट वाटत, आता सरकारलाही डोईजड झाल्या.

केडगावला मात्र त्यांनी पडदा ठेवला नाही. हे ख्रिस्ती घर आहे, असं उघड सांगूनच ते चालवलं. पुण्यातला गुंता परत नको, असं त्यांना वाटलं असावं. १९०० च्या सुमाराला तिथे मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली होती. आणि शिकवणं कसलं? वाचन-लेखन तर होतंच, शिवाय विणकाम, शिवण, शेती, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, आणि चक्क छापखाना! खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं बायकांच्या हातून. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी मनोरमेने शिकवली. कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या विद्येसाठी पदवी दिली होती, त्यात यातलं काहीच नव्हतं. पण उपाशी आलेली पोरगी सहा महिन्यांत आपल्या हाताने कापड विणते, ही पदवी रमाबाईंना मोठी वाटली.

संस्कृत पंडिता म्हणून गाजलेल्या या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं. अडाणी बाईला कळावं, शब्द जड नकोत, हा हट्ट. वर्षानुवर्षं त्या हे करत होत्या.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. ज्या सरकारला त्यांनी प्लेगच्या वेळी खडसावलं होतं, त्यानेच! पण तोवर त्यांचं लक्ष अशा गोष्टींत उरलं नव्हतं. केडगावची धुरा मनोरमेवर सोपवायची, हे ठरलेलं. पण १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची लेक! त्यानंतर रमाबाई नऊ महिनेही काढू शकल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्यांचं पूर्ण मराठी बायबल त्यांच्यामागे १९२४ साली केडगावच्याच छापखान्यात, त्यांच्याच मुलींनी छापून पुरं केलं.

पुढे बरीच वर्षं महाराष्ट्र त्यांचं नाव घ्यायला कचरत होता. शाळेच्या पुस्तकात सुधारकांच्या यादीत एखादी ओळ, बस्स. १९८९ साली, शारदा सदनाच्या शंभराव्या वर्षी, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

रमाबाईंचं धर्मांतर आपल्याला पटो न पटो, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी पदवीला भुलून शिकवणं बदललं नाही आणि निंदेला भिऊन शिकवणं थांबवलं नाही. चूक दाखवणाऱ्याला त्यांनी उत्तर दिलं, जिथे पटलं नाही तिथे एकटीने पुढे गेल्या, आणि हिशेब मागणाऱ्या बोस्टनवाल्यांना दहा वर्षं झाल्यावर स्वतः अमेरिकेला जाऊन हिशेब दिला.

पुढच्या वेळी गावातल्या एखाद्या बाईंविषयी पारावर, हळदीकुंकवात, मोबाइलवरच्या ग्रुपात काही ऐकलं, तर आधी एवढं करू या. त्यांच्या वर्गातल्या मुलीला जवळ बोलावून विचारू या, की बाळ, बाईंनी तुला काय शिकवलं? ती वाचून दाखवील, गणित सोडवून दाखवील, नाही तर मान खाली घालील. खरा शेरा तोच. बाकीचा गावाने आपल्यापाशीच ठेवावा.